दोरीला नाही म्हणायचं नसतं

सोमवार, ३ जून. सकाळी धुकं, दुपारी उघडलं. वारा नैर्ऋत्येचा.

तुरिद आली. माझ्या लेकीची, एल्स्पाची मुलगी. बोटीवरून उतरली तेव्हा मला वाटलं, बोटवाल्याने कुणाचा तरी ओव्हरकोट धक्क्यावर टाकलाय. मग त्यातून पाय निघाले.

एवढीशी पिशवी घेऊन आलीय. मी विचारलं, "आठवडाभर राहणार ना?" तर म्हणाली, "बघू." परतीचं तिकीटही काढलेलं नाही. कोपनहेगनला राहून माणसं चिकट होतात ती अशी.

तिचा मुलगा आक्सेल फेब्रुवारीत गेला. चार वर्षांचा होता. तापाने तीन दिवसांत. तेव्हा इथे वादळ, ना बोट, ना हेलिकॉप्टर. मी रेडिओजवळ बसून दफनाची वेळ होऊ दिली आणि मग मेंढ्यांना चारा घालायला गेले. आज ती समोर बसली तशी मी उठले. वाऱ्यावर वाळवलेल्या मटणाचा पाय काढला, जाड काप केले, रुबार्बचा मुरंबा ठेवला. तिने मटणाचा वास घेतला आणि ताट सरकवलं.

"ओम्मा, मला बाहेर हिंडायचंय," म्हणाली. "काहीतरी साहसाचं करायचंय इथे. लोक येतात ना त्यासाठी?"

"येतात. पैसे देऊन भिजतात आणि घरी जातात," मी म्हटलं. "तुला भिजायचंच असेल तर बटाट्याच्या वाफ्यात तण माजलंय."

हसली नाही.

माझं लिहिणं हे असंच आहे. आमच्या वेळी मास्तर एक आणि बेटं दोन. तो पंधरा दिवस इथे, पंधरा दिवस तिथे. इथे असायचा तेव्हा नेमकी मासळी वाळवायला काढलेली असायची. नवरा रोजचं हवामान वहीत लिहायचा. तो गेला, हवामान चालू राहिलं, म्हणून मी लिहिते.

मंगळवार, ४ जून. ढग उंच. वारा पडलेला.

ताइतुरला बोलावलं. पाहुण्यांना कड्यावर आणि समुद्रात नेऊन आणायचा धंदा करतो. त्याचं नाक मी पुसलंय, तोही मला ओम्मा, म्हणजे आजीच, म्हणतो, त्यामुळे कॉफी प्यायल्याशिवाय त्याला धंद्याचं बोलता येत नाही.

"बोल तुरिद," तो म्हणाला, "दोरीवरून कडा उतरायचा, बोटीने गुहांमध्ये जायचं, घोड्यावरून डोंगर चढायचा, का उत्तरेच्या टोकापर्यंत चालायचं?"

"दोरीवर सगळा वेळ बांधलेलं असतं?"

"मग! बांधल्याशिवाय मी कुणाला कड्याजवळ उभंसुद्धा करत नाही. माझ्या सासूलासुद्धा बांधलं होतं, आणि तेव्हा मला मोह झाला होता."

मी हसले. तुरिद हसली, पण जरा वेळाने, दुसरं कोणी हसतंय हे बघून हसावं तशी.

"बोटीत?"

"बोटीत जाकीट. ते काढायचं म्हटलं की मी बोट वळवतो."

"आणि टोकापर्यंत चालायला?"

"त्याला मी लागत नाही. मेंढ्यांची वाट आहे. धुक्यात जायचं नाही एवढंच."

"मग तेच," तुरिद म्हणाली. "एकटीच जाईन."

घाबरट. बांधतात का, जाकीट देतात का, सगळी चौकशी करून शेवटी सगळ्यात सोपं निवडलं. हिच्या आज्याने वयाच्या चौदाव्या वर्षी दोरीवरून कडा उतरला होता. पण एका अर्थी बरंच झालं. चालायला काही लागत नाही. आणि मलाही रिकामं घर मिळेल, फरशी पुसायला.

बुधवार, ५ जून. धुकं. कुंपणसुद्धा दिसत नाही.

खिडकीशी बसून आहे. धुकं कधी जाईल म्हणून सारखं विचारते. मी म्हटलं, "मला विचारून येत नाही ते." पाहुणे येतात, धुकं दिसलं की पांघरूण ओढून झोपतात. चालायला एवढं उतावीळ झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

दुपारी तिचं लाल जाकीट मला देऊन टाकलं. चांगलं भारी आहे, चेन लोण्यातून सुरी जावी तशी जाते.

"जाताना काय घालशील?"

"उन्हाळा आहे, ओम्मा."

घेतलं. नाही कशाला म्हणू? घड्याळ ताइतुरच्या बायकोला दिलं. लहानपणी स्वतःची बिस्किटं उशीखाली लपवणारी ही मुलगी. दुःखाने माणसं उदार होतात असं दिसतंय.

गुरुवार, ६ जून. धुकं. पाऊस बारीक.

आज एकदम सुधारली. सकाळी गुणगुणत भांडी घासली. मटणाचे तीन काप खाल्ले. गोळ्यांची पाकिटं मला आणून दिली, "चुलीत टाक, आता नको त्या." म्हटलं, छान. समुद्राची हवा लागली. तीन दिवसांत! आणि तिकडचे डॉक्टर महिने महिने काय करत होते?

आईला फोन करून तिच्याशी गोड बोलली. एल्स्पाशी इतकं गोड कोणी बोलत नाही. मग मागून येऊन मला मिठी मारली. आमच्यात हे असलं करत नाहीत. मी बटाटे सोलत होते, हातात सुरी होती. "जपून," एवढंच म्हटलं. बराच वेळ सोडलं नाही. माझी कंबर धरलेली होती, जरा ऊब लागली, ते बरं झालं.

गोळ्या अजून चुलीत टाकल्या नाहीत. चांगली वस्तू जाळायला हात होत नाही.

शुक्रवार, ७ जून. धुकं पातळ होतंय. रेडिओ म्हणतो उद्या उघडेल.

नीट लिहिते.

तुरिद कबरस्तानात गेली होती आज्याच्या थडग्याकडे, तेव्हा एल्स्पाचा फोन आला. आल्बोर्गहून. नेहमीचं हवामान, पाठ, शेजारीण झालं. मग म्हणाली, "आई, ती आज येते ना परत?"

"आज कशी येईल? बोट सोमवारी. आणि परत यायचं तर मला काही बोललेली नाही."

मागे तिच्या घरातला रेडिओ बंद झाल्याचं ऐकू आलं.

"मला तर म्हणाली शुक्रवारी येते. आई, ती गोळ्या घेते ना?"

"मला दिल्या चुलीत टाकायला. बरी आहे ती. कालपासून गुणगुणतेय."

एल्स्पा रडायला लागली. मग बाहेर पडलं. मार्चमध्ये तुरिद दवाखान्यात होती. काय करून घेतलं होतं ते एल्स्पाने सांगितलं, मी इथे लिहिणार नाही. शेजारणीकडे किल्ली होती म्हणून वाचली.

"मार्चमध्ये! आणि मला जूनमध्ये सांगतेस?"

"तू तुझ्या पद्धतीने बोलली असतीस, आई."

"कुठल्या पद्धतीने?"

"ह्याच."

मी फोन ठेवला. मग सगळं एकामागून एक समोर आलं. जाकीट. तिकीट. बांधलेलं असतं का. एकटीच जाईन. सोपं निवडलं म्हणून मी तिला घाबरट लिहिलंय, तीन पानं मागे. ते खोडणार नाही. असू दे माझ्या डोळ्यांसमोर.

धावत कबरस्तानात गेले. धावत म्हणजे माझ्यासारखी धावेल तितकं. ती होती. थडग्यावरचं शेवाळ नखाने काढत बसली होती. मी म्हटलं, "बटाटे सोलायचेत." आली.

तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि मधलं दार लावून डॉक्टरला फोन केला, तोर्शाव्हनच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई तरुण आहे, पण ऐकून घेते. म्हणाली, हेलिकॉप्टर विमानतळावरच धुक्यात अडकलंय, सुटलं की पाठवते. तोवर एक क्षण एकटं सोडू नका. गोळ्या पुन्हा सुरू करा. आणि तिला विचारा.

"काय विचारू?"

"जे मनात आलंय तेच. सरळ."

"सरळच येतं मला," मी म्हटलं. पण स्वयंपाकघरात गेले तर दोन बटाटे सोलून होईस्तोवर तोंड उघडेना. माझं. ज्या तोंडाला सगळं गाव टरकतं ते.

"तुरिद, तुला मरायचंय का?"

तिने साल काढायची थांबवली नाही. "हो."

"कधी?"

"धुकं गेलं की."

पातेल्यात बटाटा टाकला तिने. पाणी उडालं. मग सांगितलं, "त्या सकाळी त्याला ताप होता, ओम्मा. मला माहीत होतं. थोडाच होता. माझी मीटिंग होती. मी त्याला टोपी घालून पाळणाघरात सोडलं."

"हं."

"हं? एवढंच?"

"मग काय म्हणू? ताप कुठल्या पोराला येत नाही? तुझ्या आईला अंगात ताप असताना मी मासळीच्या कामावर नेलं होतं, खोक्यात झोपवून. ती अजून जिवंत आहे आणि फोन करून माझं डोकं खातेय. तुझा गेला. माझी राहिली. ह्यात मी शहाणी कुठे होते?"

ती माझ्याकडे बघत राहिली.  डॉक्टरीणबाईने पुढचं सांगितलं नव्हतं. तोंडातून निघालं ते निघालं.

"उद्या नाही जमणार," मी म्हटलं. "उद्या दोरी आहे. उघडलं की ह्याल्मार कड्यावरची पक्ष्यांची अंडी काढायला घेणार, सगळ्या गावाने दोरी धरायची. हात कमी आहेत."

"ओम्मा, मी काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. कान शाबूत आहेत. दोरीला नाही म्हणायचं नसतं, तुला माहितीये."

तिच्या तोंडून एक आवाज आला, मेंढीला ठसका लागावा तसा. हसली की रडली, विचारलं नाही. गोळी दिली. माझ्यासमोर गिळायला लावली, मग तोंड उघडून दाखवायला लावलं.

आज माझ्याच पलंगावर झोपवलीय. तिच्या पायाच्या अंगठ्याला लोकरीचा धागा बांधलाय, दुसरं टोक माझ्या मनगटाला. तिने बघितलं. पाय काढून घेतला नाही.

शनिवार, ८ जून. लख्ख. वारा नाही.

सकाळी उठले तर टोकापर्यंतचा सगळा डोंगर उघडा, हिरवा, हात लावावा इतका जवळ. आयुष्यात पहिल्यांदा मी चांगल्या हवेला शिव्या घातल्या. विमानतळावर मात्र धुकं तसंच. डॉक्टरीणबाईचा फोन आला, आज दिवसभरात काही सांगता येत नाही म्हणाली.

ह्याल्मार दारात आला. माझ्याच वयाचा, पण दोरीचा मालक अजून तोच. त्याला खिडकीतली तुरिद दिसेल असं कुंपणाशी नेऊन सगळं सांगितलं.

"आणि तू तिला कड्यावर आणतेस?" त्याचे डोळे बाहेर आले. "योविना, तुझं डोकं फिरलंय!"

"मग कुठे ठेवू? ज्याला ज्याला दोरी धरता येते ते सगळं गाव तिथे. घरी कोण राहणार तिच्याजवळ, मांजर? तिथे डोळे तरी आहेत. ताइतुर बांधतो सगळ्यांना. आणि ती मला बांधलेली असेल, कंबरेला कंबर."

"तुला बांधून काय होणार? दोघी जाल."

"तेच तिला कळायला हवंय," मी म्हटलं. 

कड्यावर गेलो. ह्याल्मार कडेला पालथा पडला, खाली बघायला. मागे गवतात टाचा रोवून आमची रांग, एकामागे एक, दोरी सगळ्यांच्या हातांतून. कोण कुठे बसणार ते ह्याल्मार सांगतो. फक्त शेवटचा हात, म्हणजे रांगेच्या टोकाला बसणारा माणूस, खाली जाणारा स्वतः निवडतो. तेवढाच त्याचा हक्क. पहिल्यांदा ताइतुर उतरला. त्याने त्याच्या बायकोला निवडलं, आणि ह्याल्मार म्हणाला, "विम्याचे कागद बघितलेस ना आधी?" सगळे हसले.

तुरिद माझ्यापुढे बसली होती. दोरी तिच्या हातात होती, पण कशी? पावसात वाळत घातलेला मोजा असतो तशी. ती कडेकडे बघत होती. दुसरीकडे कुठे नाहीच. ताइतुर अंड्यांची पिशवी घेऊन वर आला, सगळे कॉफीसाठी उठले, आणि माझ्या कंबरेला हिसका बसला. ती कडेच्या दिशेने दोन पावलं गेली होती. दोरीने थांबली. मागे वळली नाही. हिसका पुन्हा बसला, जरा जोरात.

तेव्हा मला एकच समजलं. कुणीतरी खाली लोंबकळत असेपर्यंत रांगेतल्या माणसाला उठता येत नाही.

"ताइतुर," मी म्हटलं, "तो पट्टा इकडे दे. मी उतरते."

कॉफी सांडली कुणाची तरी.

"ओम्मा, चेष्टा करू नकोस."

"तू मला विचारलंच नाहीस, काय करायचंय म्हणून. येईल त्याला विचारतोस. मी हे निवडलं. मागच्या साली त्या म्हाताऱ्या जर्मन बाईला उतरवलंस ना? तिचे तर दातसुद्धा स्वतःचे नव्हते."

ह्याल्मार उठून आला. "बाई कधी ह्या दोरीवर गेलेली नाही."

"मी तुझ्यापेक्षा हलकी आहे आणि तुझ्याएवढी बडबडत नाही. बाजूला हो."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. बाजूला झाला. ताइतुरने पट्टे आवळले, डोक्यावर टोपडं घातलं, खांद्याला वॉकीटॉकी अडकवला. तुरिदची कंबर माझ्यापासून सोडवून आपल्या बायकोला बांधली.

"शेवटचा हात कोण?" ह्याल्मारने विचारलं. हे विचारावंच लागतं.

"तुरिद."

ती पांढरी पडली. "मी नाही धरणार."

"मग पडेन," मी म्हटलं आणि कडेवर पाठ करून बसले.

खालचं जास्त लिहीत नाही. माझं कमरेचं हाड कुठल्या कुठे गेलं. पाय हवेत. एकदा खाली बघितलं, बघायला नको होतं. पक्षी तोंडावर ओरडतात, घाण अंगावर पडते, आणि वास असा की डोळ्यांतून पाणी येतं. पाणी वासानेच आलं. एका फळीएवढी जागा मिळाली, त्यावर टेकले. शेजारी निळसर अंडं, त्यावर शाईने गिरगटल्यासारखं. मी विचार केला, ही पोरगी चार दिवस इथेच यायला धडपडतेय. आणि इथे काय आहे? काहीच नाही. घाण आणि आरडाओरडा.

वॉकीटॉकी खरखरला. ताइतुर. "ओम्मा, झालं ना? वर ओढतो."

"नको."

"नको म्हणजे?"

"मला इथे बरं वाटतंय. तुरिदकडे दे."

खरखर. मग तिचा आवाज. "ओम्मा, वर ये."

"उद्या काय करणार आहेस?"

"ओम्मा, प्लीज. माझे हात..."

"परवा बोट आहे. दवाखान्यात जायचं. तिथे राहायचं, ते म्हणतील तोवर. जाशील?"

 पक्षी ओरडत होते. दोरी माझ्या छातीशी थरथरत होती, वरून खालपर्यंत.

"मी बसू शकते इथे," मी म्हटलं. "आज तसं काही काम नाही."

"तू म्हातारी, दुष्ट, हट्टी मेंढी आहेस!"

"आहे. जाशील?"

"मर तिथेच!"

"बरं," मी म्हटलं, आणि तोंड मिटलं. माझ्या आयुष्यात एवढा वेळ तोंड मिटून बसले नव्हते. पाय बधिर झाले. मला वाटलं, संपलं, ही आता सोडून उठणार, आणि मी एक मूर्ख बाई भिंतीला चिकटून बसलेय. आज नाही तर सोमवारी ती जीव देणारच. तिला ह्या जगात ठेवायला माझ्याकडे ह्या दोरीशिवाय दुसरं काही नव्हतं.

"ओम्मा?"

"आहे."

"तू येशील बरोबर?"

"मला बोट लागते."

"मग मी नाही जात."

"येते," मी ओरडले, "येते, येते, ओढा आता, माझा जीव चाललाय!"

वर आले तेव्हा दोन माणसांनी मला गवतावर ओढलं. तुरिद अजून शेवटी बसलेली, दोरी धरून. ह्याल्मारने तिची बोटं एकेक करून सोडवली. हातमोजे काढून टाकले होते तिने, पकड यावी म्हणून. तळहातांची कातडी दोरीला राहिली होती. ती उठली, माझ्याजवळ आली, आणि मला थोबाडीत मारली. सगळ्या गावासमोर. 

माझ्या गालावर रक्त लागलं. माझं नव्हतं.

"बस," मी म्हटलं. ती माझ्या मांडीत कोसळली आणि अशी ओरडली की पक्षी उठले. फेब्रुवारीपासूनचं असावं. ताइतुरच्या बायकोने आमच्या तिघींच्या कंबरा एकत्र बांधल्या आणि आम्ही खाली येईपर्यंत सोडल्या नाहीत.

रविवार, ९ जून. धुकं पुन्हा. येऊ दे.

डॉक्टरीणबाईला सगळं सांगितलं. कड्याचं ऐकून तिने मला जे सुनावलं ते मी पंचविशीनंतर कुणाकडून ऐकून घेतलं नव्हतं. सोमवारी धक्क्यावर ती स्वतः माणूस पाठवणार आहे. तिकडे खोली तयार आहे. तुरिद फोनवर तिच्याशी बोलली, दार लावून. मी दारावर कान ठेवला, पण हळू बोलत होती. बाहेर आली तेव्हा नाक लाल होतं, आणि भूक लागली म्हणाली.

बरी झालीय असं नाही. सकाळी खिडकीशी बसली होती ती पुन्हा तशीच, कुठेच नसल्यासारखी. मी विचारलं, "अजून वाटतंय का?" म्हणाली, "हो." मी म्हटलं, "किती?" विचार करून म्हणाली, "काल होतं त्यापेक्षा जरा कमी." असंच विचारत राहीन. उत्तर देते आहे तोवर बरं.

ताइतुरच्या बायकोला तुरिदजवळ बसवून मी प्रार्थनेला गेले. नंतर ह्याल्मार आणि ताइतुर चर्चच्या दाराशी उभे होते. मी ताइतुरचे आभार मानले, जे मी सहसा करत नाही. तो म्हणाला, "घाबरायचं काही नव्हतंच, ओम्मा. लोखंड होतं ना."

"कसलं लोखंड?"

तर ह्या दीडशहाण्याने पाहुण्यांसाठी कड्यामागच्या खडकात लोखंडी खुंटी ठोकलीय. शेवटच्या माणसाच्या पाठीशी, गवतात. दोरीचं टोक तिला बांधलेलं असतं. अख्खी रांग उठून कॉफी प्यायला गेली असती तरी मी तिथे टांगलेलीच राहिले असते, वाळवणीतल्या मटणासारखी. आणि मला कुणी सांगितलं नाही! मी तिकडे जीव मुठीत धरून बसलेय, आणि रांग म्हणजे नुसती शोभा!

"तुरिदला तर कळू दिलं नाहीस ना?" मी विचारलं.

"तिला आधीच दाखवलं होतं मी," ताइतुर म्हणाला. "खूप थरथरत होती. म्हटलं, घाबरू नकोस, हे बघ, तू सोडलंस तरी ओम्मा पडणार नाही."

संतापून घरी आले. ती टेबलाशी बसली होती, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून, लोकरीच्या दोन गुंड्यांसारखे.

"तुला ठाऊक होतं? लोखंडाचं?"

"हो."

"मला वर घ्यायच्या आधीपासून?"

"तू उतरायच्या आधीपासून."

"मग कशाला धरलंस एवढं घट्ट? कातडं गेलं ना फुकट!"

 माझ्याकडे बघत राहिली, जसं काही दवाखान्यात मला न्यायचंय.

मला हे समजलेलं नाही. खुंटीने दोरी धरलेली होती, खुंटी तिला दिसत होती, हाताशी होती. ह्या मुलीला लहानपणापासून सगळे हुशार म्हणतात. आता तिची बटणं मी लावायची, केस मी विंचरायचे, आणि उद्या बोटीत ओकत असताना तिचं डोकं धरायचं का माझं, हा प्रश्न आहेच. हाक मारतेय. भाकरीला लोणी लावून हवंय. जाते.